मदत हवी आहे: ओहायो स्टेटचा रायन डे, कोच म्हणून मोजायचा कसा?

मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉल नेमाने बघणारं इथे कोणी आहे का? हेल्मेटवाला फुटबॉल म्हणतोय. आम्ही कोलंबसला राहतो, त्यामुळे ओहायो स्टेटचा पंखा होण्यावाचून सुटका नव्हती. हेड कोच रायन डेवरून ऑफिसात आणि घरातही दोन तट पडलेत. माझं मत अर्धंमुर्धं तयार आहे, पण एका जागी गाडी अडलीय. जाणकारांनी जरा हात लावावा.

ज्यांना या खेळाची सवय नाही त्यांच्यासाठी: क्रिकेटमधला कर्णधार, कोच आणि निवड समिती एकाच माणसात कोंबा, म्हणजे इथला हेड कोच. त्यामुळे श्रेय त्याचं आणि शिव्याही त्याच्याच.

डेने २०१९ मध्ये अर्बन मायरकडून संघ घेतला. २०२४ च्या हंगामाअखेर त्याचा हिशेब होता ७० विजय, १० पराभव. नुसता आकडा बघितला तर बोलायला जागाच नाही. पण त्या दहातले चार पराभव कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून, आणि तेही लागोपाठ, २०२१ ते २०२४. इथे मिशिगनला हरवलं की खेळाडूंना सोन्याच्या छोट्या पँटचं पदक मिळतं, ही प्रथा १९३४ पासूनची. आमचा जुना कोच जॉन कूपर बाकी सगळ्यांना हरवायचा, पण मिशिगनविरुद्ध २ विजय, १० पराभव आणि १ बरोबरी. शेवटी नोकरी गेली. तेव्हा ‘एकच तर मॅच आहे’ असं इथे कोणाला म्हणून बघा.

माझा खरा आक्षेप ३० नोव्हेंबर २०२४ च्या मॅचवर आहे. आपण दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगन क्रमवारीतच नाही, मॅच आपल्या घरी. त्यांच्या बचावफळीच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघेही पुढच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांची खेळाडू-निवड) पहिल्या फेरीत गेलेले पहाड. आणि आपण बाहेर जेरेमाया स्मिथ, एमेका एग्बुका, कार्नेल टेट असे रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) उभे करून चेंडू मात्र पुन्हा पुन्हा त्याच पहाडांच्या अंगावर धाडला. धावून मिळाले जेमतेम ७७ यार्ड. हाफटाइमला १०-१०, उत्तरार्धात आपला भोपळा, निकाल १३-१०. दोन फील्ड गोल चुकले, आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) विल हॉवर्डने दोन इंटरसेप्शन दिले, म्हणजे फेकलेला चेंडू त्यांच्या हातात, सगळं मान्य. पण प्लॅन बदलणं तर कोचच्या हातात होतं ना? डेच्या कारकिर्दीत क्रमवारीबाहेरच्या संघाकडून झालेला हा एकमेव पराभव.

आणि तीनच आठवड्यांनी तोच संघ, तोच कोच, राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये टेनेसीला ४२-१७ ने धुतो! मग रोझ बोलमध्ये ओरेगनविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३४-०. जानेवारी २०२५ च्या फायनलला नोत्र दाम ३१-२३ पर्यंत चढत आलं होतं. थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), अजून ११ यार्ड काढायचे, घड्याळ संपत आलेलं. मिशिगनविरुद्धचा डे इथे नक्की धावायला लावून वेळ काढेल असं मी म्हणतोय, तोवर हॉवर्डने स्मिथकडे लांब चेंडू फेकला, ५६ यार्ड. ३४-२३, विजेतेपद. बायको म्हणाली, हा माणूस नोव्हेंबरात कुठे असतो?

म्हणून माझं मत असं की डे डोक्याने कमी नाही, मिशिगन समोर आलं की आखडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच मैदानावर २७-९ जिंकला, तेव्हा गाठ सुटली असं वाटलं. पण पुढच्याच शनिवारी बिग टेनच्या (आमच्या गटाच्या) फायनलला इंडियानासमोर पुन्हा फक्त १० गुण, पुन्हा १३-१० ने हार. म्हणजे दुखणं मिशिगनपुरतं नसावं, अशी शंका येते.

डेचे पाठीराखे मिशिगनचा कर्मचारी कॉनर स्टॅलियन्सचं इशारेचोरीचं (समोरच्या संघाचे चाली सांगणारे इशारे टिपण्याचं) प्रकरण काढतात. २०२१ आणि २०२२ साठी ते थोडंफार धरता येईल. पण प्रकरण फुटलं ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि त्यानंतर महिन्याभराने, त्यांचा हेड कोच हार्बॉ निलंबित असताना, त्याच्या जागी उभ्या शेरोन मूरच्या संघाने आपल्याला ३०-२४ ने हरवलंच.

आता जिथे अडलोय ते. २०२४ ला आक्रमणाचा कोऑर्डिनेटर (डेच्या हाताखालचा कोच) चिप केली होता आणि बचावाचा जिम नोल्स. दोघेही विजेतेपदानंतर गेले. त्या संघावर दोनेक कोटी डॉलर खर्च झाल्याचं ॲथलेटिक डायरेक्टरनेच सांगितलं होतं. मग मिशिगनविरुद्धच्या त्या प्लॅनचा दोष केलीचा की डेचा? आणि दोष डेचा म्हणायचा तर प्लेऑफमधला मोकळेपणाही त्याच्याच खात्यात टाकावा लागेल, नाही का? टीव्हीवर प्ले (पुढची चाल) कोण देतंय ते कळत नाही, समालोचकही अंदाजच करतात.

इथे कोणी हायस्कूल-कॉलेज पातळीवर खेळलेलं किंवा मुलं खेळत असलेलं असेल तर सांगा: हेड कोच स्वतः प्ले देत नसेल, तेव्हा मॅचच्या मधे ‘धावणं बंद करा, फेका’ असा हुकूम तो खरंच सोडतो का, की कोऑर्डिनेटरवर सोपवून गप्प बसतो? आणि सगळे बावीस खेळाडू एका चौकटीत दिसतात तसं कॉलेज मॅचचं चित्रण सामान्य माणसाला कुठे मिळतं? त्या मॅचचा उत्तरार्ध तसा एकदा बघायचाय.