अनेक लेखकांचे शृंगारकथासंग्रह तुम्हाला का आवडतात?

अर्धविराम:
मी शृंगारिक कादंबऱ्या आवडीने वाचते, पण बऱ्याच लेखकांच्या कथा एकत्र केलेले संग्रह मला काही केल्या पचत नाहीत. माणसं जरा ओळखीची व्हायला लागतात, तेवढ्यात कथा आटोपते. पान उलटलं की नवी नावं, नवी खोली, नवी भाषा. एक कथा मस्त जमलेली असते आणि पुढच्या दोन नुसत्या उरकलेल्या. त्यापेक्षा आवडत्या लेखिकेचं अख्खं पुस्तक घेतलेलं काय वाईट? तरीही संग्रहांचे चाहते फार हिरिरीने शिफारस करतात. तुम्हाला त्यात नेमकं काय मिळतं? ‘व्हरायटी’ एवढंच उत्तर कृपया नको, ते मलाही सुचलं होतं.

उशाशी पुस्तक:
झोपायच्या आधी एक कथा पूर्ण होते. कादंबरीत नायक-नायिका एकमेकांकडे बघायलाच शंभर पानं घेतात. माझं उत्तर इतकंच.

लाल शाई:
अशा संग्रहांसाठी आलेल्या कथा वाचून पहिली चाळणी लावायचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

शृंगार लिहिताना प्रत्येक लेखकाच्या ठरलेल्या लकबी असतात. पुढाकार कोण घेणार, नजर आधी कुठे जाणार, शरीराला कोणते शब्द वापरायचे, कुठे थांबून श्वास मोजायचा. बाकी लिखाणात हे लपतं, इथे लपत नाही. कादंबरीत तिसऱ्या प्रसंगापर्यंत तुम्हाला त्याची चाल कळलेली असते, आणि पाचवा प्रसंग पहिल्याहून वरचढ करायच्या नादात बिचारा लेखक नुसता आवाज चढवत बसतो. संग्रहात दर पंधरा पानांनी तुम्ही पुन्हा कोरे. समोरचा काय करेल याचा अंदाज नाही, आणि या प्रकारच्या लिखाणात निम्मी गंमत त्या अंदाज नसण्यात आहे.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं. आपल्याला काय आवडतं हे आपण ठरवून टाकलेलं असतं आणि मग तेवढंच शोधून वाचतो. संग्रहात आपण न शोधलेलं समोर येतं. एक कथा सांगते. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेलं जोडपं, नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. रोज सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावून देते. त्याला अवघडल्यासारखं होतं, तिला कामावर निघायची घाई. एके दिवशी ती खालून तिसऱ्या बटणाशी थांबते आणि लावलेली बटणं उलट क्रमाने काढायला लागते. बास, एवढंच घडतं. ‘विवाहित जोडपं, मध्यमवय’ असं वर लिहिलं असतं तर मी ती कथा उघडलीही नसती. तिच्या मागची कथा दोन दुभाष्या बायकांची होती. परिषदेतल्या काचेच्या खोलीत शेजारी बसून त्या दिवसभर आळीपाळीने परक्यांच्या कानात बोलतात आणि एकमेकींशी बोलायला त्यांना संध्याकाळ उजाडावी लागते. ही मी मुद्दाम शोधून वाचली असती. मनात मात्र बटणंच राहिली.

तिसरं म्हणजे संपादक. आलेल्या कथांपैकी बऱ्याच दुसऱ्याच परिच्छेदात कपडे उतरवून मोकळ्या होतात आणि मग पुढे काय लिहावं ते त्यांना सुचत नाही. त्या गाळायच्या. उरलेल्या लावायच्या कशा, हे खरं कौशल्य. एक घाईची, मग एक रेंगाळणारी; प्रथमपुरुषी निवेदनाच्या सलग तीन नकोत; दोन नायिकांचं नाव एकच निघालं तर एकीच्या लेखकाला पत्र. सगळ्यात भक्कम कथा पहिली आणि तिच्या तोडीची शेवटची, हा तर जुनाच ठोकताळा.

आणि ही तऱ्हा काही कालची नाही. सातवाहन राजा हाल याची ‘गाथासप्तशती’ म्हणजे तरी काय? अनेक कवींच्या प्राकृत गाथा, बहुतेक शृंगाराच्या, कितीतरी बाईच्या तोंडी. सुरुवातीलाच म्हटलंय की कोटीभर गाथांतून या सातशे निवडल्या. कोटीचा आकडा सोडून द्या, पण आपण किती गाळलं हे मिरवायची संपादकाची हौस तेव्हापासूनची आहे!

खडूस वाचक:
लाल शाई, चांगल्या संग्रहाबद्दल बोलताय तुम्ही. बहुतेकांत मुखपृष्ठावर दोन मोठी नावं आणि आत भराव असतो. त्यात विषय बांधून दिलेले संग्रह तर आणखी वैताग. सगळ्या कथा हॉटेलच्या खोलीतल्या! चौथ्या कथेपर्यंत मला चादरीचा रंगसुद्धा आधीच कळतो.

कोपऱ्यातली खुर्ची:
खडूसशी निम्मा सहमत. पण नवे लोक याच दारातून आत येतात हे विसरू नका. टोपणनावाने एक कथा पाठवता येते, अख्ख्या पुस्तकाचा धोका पत्करावा लागत नाही. अमेरिकन लेखिका-संपादक सूझी ब्राइट यांनी १९८८ मध्ये ‘हेरॉटिका’ हे पुस्तक काढलं ते स्त्रियांनी लिहिलेल्या कथांचंच. पुढे १९९३ पासून २००८ पर्यंत त्यांनी ‘बेस्ट अमेरिकन इरॉटिका’ ही मालिका चालवली. बायकांना काय हवंसं वाटतं हे एकाच लेखिकेने सांगितलं तर लोक तिचा स्वभाव म्हणून सोडून देतात. वीसजणींनी वीस तऱ्हांनी सांगितलं की तसं झटकून टाकणं जड जातं.

लाल शाई:
खडूस, हॉटेलच्या खोल्यांबाबत मान्य. माझी पद्धत सांगते: मुखपृष्ठावरची नावं बघू नका, प्रस्तावना वाचा. संपादक विषयाच्या धाडसीपणाबद्दलच बोलत राहिला तर पुस्तक खाली ठेवा. अमुक कथा का घेतली हे तो सांगू शकत असेल तर घ्या. आणि क्रमाने वाचा हो. मधूनच उघडून ‘ती’ पानं शोधणाऱ्यांना सगळ्या कथा सारख्याच वाटतात, मग तक्रार करतात.

अर्धविराम:
मधूनच उघडणाऱ्यांत मी आहे, लागलं मला ते. लकबींचा मुद्दा पटला. माझ्या आवडत्या लेखिकेचा नायक दर पुस्तकात दाराच्या चौकटीला टेकून उभा असतो. पण प्लास्टर निघाल्यावर त्या दोघांचं काय झालं? मला नेमकं तेच वाचायचं असतं आणि संग्रह तिथेच दार लावून घेतो.

लाल शाई:
कथा प्लास्टर निघायच्या आधीच संपते. पुढचं हवं असेल तर तुमच्या कादंबऱ्या आहेतच. नाहीतर स्वतः लिहून पाठवा, फक्त चौकटीला टेकलेला नायक नको.