ब्रेख्तच्या कथा आपण वाचल्याच नाहीत

शाईचा डाग

मराठीत बेर्टोल्ट ब्रेख्त हा जर्मन नाटककार म्हटला की पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' आणि खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' आठवतं. दोन्ही त्याच्या नाटकांची रूपांतरं आणि मोठी कामं, वादच नाही. पण त्यामुळे हा माणूस आपल्यासाठी कायमचा नाटकवाला होऊन बसला. त्याच्या कथांविषयी कुणी बोलतच नाही. माझं ठाम मत आहे की त्यातल्या निदान दोन कथा त्याच्या कुठल्याही नाटकाच्या तोडीच्या आहेत.

१९४९ साली 'कालेंडरगेशिष्टेन' हे त्याचं पुस्तक आलं. म्हणजे दिनदर्शिकेतल्या गोष्टी. शेतकऱ्याच्या घरात बायबलशेजारी पंचांग असायचं आणि त्यात अशा गोष्टी छापलेल्या असायच्या, ती ही परंपरा. त्यातली १९३९ची 'डी उनव्युर्डिगं ग्राइझिन' (शब्दशः 'अशोभनीय म्हातारी') ही कथा बघा, तीच मी सध्या मराठीत आणतेय. बाडेनमधल्या एका लहान गावात बहात्तराव्या वर्षी एक बाई विधवा होते. नवऱ्याचा शिळाप्रेस होता. तिने आयुष्यभर मोलकरीण न ठेवता घर सांभाळलं, प्रेसमधल्या माणसांचं आणि पोरांचं रांधलं. आता ती सिनेमाला जाते. एक दिवसाआड खानावळीत जेवते. गल्लीतल्या चांभाराच्या दुकानात जाऊन बसते. गावातच राहणारा धाकटा मुलगा म्हणतो, एवढं मोठं घर आहे, आम्ही राहायला येतो. ती त्याला नाही म्हणते. रविवारी कॉफीला मात्र बोलावते. दोन वर्षांनी ती जाते. नातू तिचा अखेरचा फोटो पाहतो आणि म्हणतो, दास्याची लांबलचक वर्षं आणि मोकळिकीची थोडकी वर्षं, दोन्ही तिने पुरेपूर भोगली, भाकरीचा शेवटचा कणही टाकला नाही.

जर्मनच्या वर्गात हे मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर आली होती. त्या वाक्यापाशी आवाज फुटेना. माझी आत्या डोळ्यांसमोर आली.

दुसरी, 'ऑग्सबुर्गचं खडूचं वर्तुळ'. सतराव्या शतकातल्या जर्मनीतल्या तीस वर्षांच्या युद्धात घरावर हल्ला होतो. मालकीण जीव घेऊन पळते, तान्हं मूल मागेच राहतं. मोलकरीण आना निघायच्या आधी मुलाशेजारी बसते, त्याचा श्वास आणि तोंडातली मूठ बघत. तासभर गेल्यावर तिला कळतं की आपण फार वेळ बसलो, फार पाहिलं, आता याला सोडून जाणं होणार नाही. रंगमंचावर हा तास दाखवता येईल का?

तिसरी घंटा

पूर्ण असहमत. आणि तो तास दाखवता येतो. नाटकात दाखवलेलाच आहे!

ही कथा १९४०ची, 'कॉकेशियन चॉक सर्कल' हे नाटक, म्हणजे 'अजब न्याय'चं मूळ, १९४४चं. चार वर्षांनी लेखक स्वतः त्याच विषयाकडे परत आला, कारण कथेत जागा अपुरी पडली. नाटकात आनाच्या जागी ग्रुशा आहे. ती मुलाशेजारी बसते तेव्हा बोलत नाही. सूत्रधार-गायक तिच्या मनातलं गातो आणि ती फक्त हालचाल करते. चांगुलपणाचा मोह किती भयंकर असतो, हे त्याच जागी येतं. प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी असा तो क्षण असतो. हौशी रंगभूमीवर तीस वर्षं काढली आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

शिवाय मूल मालकिणीचं की मोलकरणीचं हे ठरवायला त्याला खडूच्या वर्तुळात उभं करून दोघींना ओढायला लावणारा कथेतला डोलिंगर हा रांगडा, शहाणा न्यायाधीश आहे, बस्स. नाटकातला न्यायाधीश अझ्दाक त्यात कुठे आहे? गावचा कारकून, गोंधळात न्यायाच्या खुर्चीवर बसलेला, लाच घेऊन गरिबांच्या बाजूने निकाल देणारा. त्याच्यामुळे वर्तुळाचा निकाल धोक्याचा वाटतो. कथा म्हणजे कच्चा खर्डा.

उंबरठा

कथा चांगल्या की नाटकं, यात मला पडायचं नाही. मला त्या म्हातारीबद्दलच बोलायचंय. मी त्या धाकट्या मुलाच्या बाजूची आहे. खानावळीतल्या एका मंद मुलीला ती बाई गुलाब लावलेली हॅट घेऊन देते आणि सख्ख्या नातीला कम्युनियनसाठी, म्हणजे चर्चमधल्या विधीसाठी, झगा नाही. घर गहाण टाकते. तो मुलगा पत्रात चिडून लिहितो त्यात काय चुकलं? दाटीवाटीच्या घरात पोरं वाढवणाऱ्याला विचारा. लेखकाने त्याला कद्रू ठरवलं आणि वाचक टाळ्या वाजवतात.

कोरा कागद

माझी अडचण वेगळी आहे. या सगळ्या बोधकथा वाटतात. श्रीयुत कॉयनर या त्याच्या विचारवंत पात्राच्या छोट्या गोष्टी तर हातात छडी घेतल्यासारख्या.

अपवाद एकच. एग्गे नावाच्या माणसाच्या घरी सत्तेचा माणूस येतो आणि विचारतो, माझी सेवा करशील? एग्गे उत्तर देत नाही. सात वर्षं त्याला जेवू घालतो, पांघरूण घालतो, माश्या वारतो. तो खाऊन खाऊन मरतो. मग एग्गे त्याला फाटक्या चादरीत गुंडाळून बाहेर ओढतो, पलंग धुतो, भिंतींना चुना लावतो, मोठा श्वास घेतो आणि म्हणतो, "नाही." बोध काय यातून? गप्प राहावं की राहू नये? मी वर्षभर विचार करतोय.

शाईचा डाग

तिसरी घंटासाहेब, गायकाचा मुद्दा मान्य. ते मी विसरले होते. पण खर्डा म्हणू नका. कथेत गाणं नाही, कुणी खुणावत नाही, वाचक त्या मुलाशेजारी एकटाच बसतो. मला ते जास्त जड जातं.

उंबरठाताई, लेखकाने त्या मुलाला कद्रू ठरवलेलं नाही. पुन्हा वाचा. हॅटची आणि झग्याची ओळ त्या मुलाच्याच पत्रातली आहे आणि लेखकाने तिला उत्तर दिलेलं नाही. झगा खरोखरच नव्हता. आणि त्या मुलीला तोवर कुणी हॅट दिली नव्हती, हेही खरंच.

उंबरठा

वाचली पुन्हा. झगा मला अजूनही डाचतोच. शीर्षकाचं मराठी काय करणार? 'अशोभनीय' फार सरकारी वाटतं.

तिसरी घंटा

'जनाची ना मनाची' म्हणा. गाव तिला तेच म्हणालं असतं.

शाईचा डाग

मनाची होती हो तिला. फक्त जनाची सोडली होती. 'न शोभणारी म्हातारी' असं तूर्त लिहून ठेवलंय. पहिली चार पानं मराठीत झाली आहेत, रविवारपर्यंत इथेच टाकते.