अंदमान, फेब्रुवारी, फक्त दोघं: समुद्र, स्नॉर्केलिंग आणि मासे. सल्ला हवा आहे

सुकटबोंबील
नमस्कार मंडळी. लग्नाला दहा वर्षं होतायत आणि लेक सहा दिवस आजीकडे राहायला कबूल झालीय. हा योग पुन्हा येणार नाही. फेब्रुवारीत अंदमान ठरवतोय. पुण्याहून विमानासकट एकूण १ लाख १० हजार, त्याच्या वर जायचं नाही.

मला स्वच्छ पाण्यात स्नॉर्केलिंग (मास्क नि नळी लावून, पाण्यात तोंड बुडवून मासे बघणं) करायचंय आणि रोज दोन वेळ मासे खायचेत. नवऱ्याला पोहता येत नाही, चष्मा साडेतीनचा, आणि तो शाकाहारी (अंड्यापर्यंत येतो). पॅकेज नको, पळापळ नको. कुठल्या बेटावर किती रात्री?

बाबा_बारामतीकर
अंदमान सोडा, मालदीव करा. आम्ही गेल्या वर्षी पाण्यावरच्या व्हिलात चार रात्री होतो. खोलीतून जिना थेट समुद्रात. आपल्याला व्हिसाची भानगड नाही, उतरल्यावर शिक्का मारून देतात. बजेट थोडं वाढवावं लागेल इतकंच.

सुकटबोंबील
@बाबा, थोडं म्हणजे किती?

बाबा_बारामतीकर
दुप्पट धरा. अडीचपट. पण दहा वर्षांतून एकदाच ना!

खाडीकाठ
मासे आणि स्नॉर्केलिंगसाठी विमानात कशाला बसायचं? मालवणला या. सिंधुदुर्ग किल्ल्याशेजारी स्नॉर्केलिंग, तारकर्लीला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी), जेवायला सुरमईची कढी नि तिसऱ्या. २० हजारांत दोघांचं होईल, उरलेले एफडीत टाका.

सुकटबोंबील
@खाडीकाठ, माहेर रत्नागिरी आहे हो. मालवण दोनदा झालं. जेवणाबद्दल बोलायचंच नाही, पण पाण्यात माझाच हात मला धूसर दिसत होता. निळ्या पाण्यासाठीच चाललेय.

खाडीकाठ
पाऊस लांबला असेल त्या वर्षी. डिसेंबरात यायला हवं होतं.

निवांत_नाना
आम्ही २०१६ साली गेलो होतो, त्यामुळे खात्रीने सांगतो. हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) तीन रात्री, नील (आता शहीद द्वीप) एक रात्र, बाकी पोर्ट ब्लेअर. त्याचंही नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झालंय, पण बोटवाले, हॉटेलवाले अजून जुनीच नावं घेतात. राधानगर किनारा चुकवू नका. २००४ साली टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. आमच्या सौ. तिथून उठायला तयार नव्हत्या.

एक ध्यानात ठेवा. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो. जेवून, झोप काढून निवांत सूर्यास्ताला गेलात तर अंधार बघून परत याल. आमचं तसंच झालं.

झुळूक
नानांना +१. हॅवलॉक तीन, नील एक.

एक_वैतागलेला_नवरा
हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्यावर (पाच नंबर) "समुद्रासमोरची खोली" म्हणून रात्रीला साडेसात हजार मोजले. सकाळी पडदा सारला तर समुद्र गायब. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की मधे नुसते खडक आणि चिखल. वेटरला विचारलं तर म्हणतो, "दुपारी येईल सर." जणू समुद्र शिफ्टवर होता. आमच्या एजंटाने हे सांगितलं नव्हतं. एलिफंट बीचला बोटीने नेलं, त्याच तिकिटात दहा मिनिटांचं फुकट स्नॉर्केलिंग. फुकट म्हणजे कसं, तर रबरी ट्यूबला धरायचं, गाइड ओढत नेणार, आणि पाण्याखाली माशांपेक्षा माणसांच्या पोटऱ्या जास्त. जास्त वेळ हवा तर जास्त पैसे, हे पाण्यात उतरल्यावर सांगतात.

चष्मिष
तुमच्या यजमानांसाठी. नंबरचा मास्क इथूनच घेऊन जा. तिथे काही डायव्हिंगवाल्यांकडे असतात, पण तुमचाच नंबर मिळेल याचा भरवसा नाही. चष्म्यावर मास्क बसत नाही, दांडीच्या फटीतून पाणी येतं. मी पहिल्यांदा चष्मा काढून साधा मास्क लावला आणि अर्धा तास रंगीत धुकं बघून आलो.

दुकानात मास्क असा तपासा: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडायचा. पडला नाही तर तो तुमच्या चेहऱ्याचा. आणि काच धुकाळू नये म्हणून आत थुंकी चोळून विसळायची. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब.

सुकटबोंबील
@चष्मिष, हे कोणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद. त्याला मिशी आहे. फरक पडतो का?

चष्मिष
पडतो. मास्कची कड नेमकी नाकाखाली टेकते आणि केसांतून पाणी झिरपतं.

पाटलांचा_बाळ
मिशीला व्हॅसलीन फासायचं. मी फासतो. विषय संपला.

पाणकावळा
विषय संपला नाही. पेट्रोलियम जेलीने मास्कची कड कालांतराने खराब होते. नाकाखालची बोटभर पट्टी भादरली की काम होतं, बाकी मिशी तशीच राहते.

पाटलांचा_बाळ
मिशी भादरू? माझा मास्क सहा वर्षं टिकलाय.

पाणकावळा
मास्क तुमचा, मिशी तुमची.

आता कामाचं. प्रवाळ बघायला चाललात तर अपेक्षा बेताची ठेवा. २०१० साली समुद्र तापला आणि अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं, पुढेही असे फटके बसले. काही जागी नवं उगवतंय, काही जागी नुसता सांगाडा. मासे मात्र भरपूर आहेत. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक धरून नेतात तो स्कूबा करता येतो, पण तो सहलीच्या शेवटी ठेवू नका. डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं, मी तर पुरा दिवस सोडतो. अंगात पूर्ण बाह्यांचा टीशर्ट हवाच. स्नॉर्केलिंगला पाठ वर असते, तासाभरात भाजून निघते, पोटऱ्याही.

झुळूक
पाठ भाजते याला +१. मी तीन रात्री पालथी झोपले.

मीठभाकर
मगरीचं कोणी बोललं नाही? २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये एक अमेरिकन बाई स्नॉर्केलिंग करताना मगरीने मारली. खाऱ्या पाण्यातली मगर. मी तर पाण्यात पाय नाही घालणार.

निवांत_नाना
झालं! आता घाबरवा त्यांना. हजारो लोक जातात दरवर्षी.

मीठभाकर
माहिती दिली, घाबरवलं नाही. फलक लावलाय तिथे पोहू नका, आणि खारफुटीच्या तोंडाशी तर अजिबात उतरू नका, एवढंच म्हणणं.

खाडीकाठ
मालवणात मगर नाही.

कोऱ्या_पाटीवर
शिंपले उचलू नका. समुद्रकिनारी पडलेले, मेलेले, कसलेही. आमच्या पोराच्या बॅगेतून विमानतळावर जवानांनी तीन शंख आणि मूठभर प्रवाळाचे तुकडे काढून घेतले. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली येतं. मागे रांग, पोरगं रडतंय, बायको माझ्याकडे बघतेय. उचलायला मीच सांगितलं होतं.

खाडीकाठ
बरं, जाताच आहात तर आजोबांचा हिशेब देतो. तिथीला तीनाने गुणायचं नि चाराने भागायचं, की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. स्नॉर्केलिंगला भरती बघूनच उतरायचं. यासाठी ॲप लागत नाही.

दीपमाळ
खाडीकाठ, हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तिथे घड्याळ जुळणार नाही. माझी पोर्ट ब्लेअरला तीन वर्षं नोकरी होती, म्हणून थोडं सविस्तर.

वैतागलेल्या नवऱ्याला समुद्र दिसला नाही तो याच कारणाने. तिथले बरेच किनारे उथळ, पुढे प्रवाळाची पसरट लादी. उधाणाच्या दिवसांत (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास) पाणी इतकं उतरतं की लादी उघडी पडते. त्या वेळी स्नॉर्केलिंग म्हणजे गुडघे फोडून घेणं, शिवाय प्रवाळ तुडवलं जातं. भांगाला (अष्टमीच्या आसपास) पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, तेव्हा पाण्यात जायला जास्त तास मिळतात. पण नीलवरचा खडकाचा नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटीच हवी, नाहीतर त्या खडकांतून चालताच येत नाही. म्हणून पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता आधी काढा आणि तारखा मागून ठरवा. लोक उलटं करतात.

दुसरं, शाकाहारी नवरा. नीलला अंदमानची भाजीची टोपली म्हणतात. टोमॅटो, वांगी, पालेभाज्या तिथून इतर बेटांना जातात. बाजारात साध्या खानावळी आहेत, त्याला भात-डाळ-भाजी बिनतक्रार मिळेल. तुम्हाला माशाची थाळी. कुटुंबं बहुतेक पूर्व बंगालातून येऊन वसलेली, म्हणजे रस्सा मोहरीचा. कोकम, ओलं खोबरं शोधू नका.

सुकटबोंबील
मोहरीच्या तेलाचा वास नाकात जातो का फार?

दीपमाळ
पहिल्या दिवशी. तिसऱ्या दिवशी रस्सा मागून घ्याल. लॉब्स्टर वजनावर देतात. शिजवण्याआधी समोर तोलून घ्या, दर आणि बनवायचे पैसे वेगळे विचारा. रोख बरोबर ठेवा. २०२० पासून चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यावर नेट सुधारलंय, तरी नीलवर यूपीआय ऐन बिलाच्या वेळी गोल गोल फिरत बसतं. आणि संध्याकाळी वाळूत बारीक वाळूमाश्या चावतात, खोबरेल फासून बसा.

बाबा_बारामतीकर
मालदीवला हा काही त्रास नाही.

निवांत_नाना
नील एक रात्र पुरे, मी आधीच सांगितलंय. छोटं बेट आहे, दोन तासांत संपतं. आणि सेल्युलर जेलला अर्धा दिवस ठेवा. सावरकरांची कोठडी बघाच. सातपैकी तीनच इमारती उरल्यात.

*(यानंतरचे चौदा प्रतिसाद अवांतर राजकारणामुळे काढले आहेत. धागा सहलीचा आहे. – संपादक)*

पाटलांचा_बाळ
माझा दुसरा व्हॅसलीनवाला प्रतिसाद का उडवला? त्यात काय राजकारण होतं?

सुकटबोंबील
सगळ्यांचे आभार. ठरलं. हॅवलॉक रद्द. नील सलग चार रात्री, पोर्ट ब्लेअरला पहिली आणि शेवटची. तक्ता बघून दशमीला नीलवर पोचतोय, म्हणजे सुरुवातीला भांग आणि जाताजाता उधाण चढणार. पोर्ट ब्लेअरहून नीलला थेट बोट आहे. खोली साधी, बिनएसीची, किनाऱ्यापासून पाच मिनिटं चालत.

निवांत_नाना
अंदमानला जाऊन राधानगर नाही?! आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघितल्यासारखं आहे हे.

झुळूक
नानांना +१. चार दिवस नीलवर करणार काय?

सुकटबोंबील
काहीच नाही. तेच करायचंय.

पाणकावळा
स्कूबा तरी करा हो नवऱ्याला घेऊन.

सुकटबोंबील
तो म्हणाला, आधी नळीतून श्वास जमू दे.

सुकटबोंबील
*(तीन आठवड्यांनी)* धागा वर काढतेय, आठवणीने.

जाताना बोटीत माझ्या पुढच्या रांगेत पाच जणांनी पिशव्या वापरल्या. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नाही, आधीच घ्यायची असते, हे त्यांच्याकडे बघून कळलं.

मिशीला खोबरेल लावलं, जे वाळूमाश्यांसाठी नेलं होतं. सरकला मास्क. मग खोलीच्या आरशासमोर त्याने बोटभर पट्टी भादरली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर पाण्यात उतरलो, भरतीचं पाणी अजून पुरतं उतरलं नव्हतं, माणसं कोणी नाही. कमरेएवढ्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून तो दहा मिनिटं नुसता तोंड बुडवून उभा. मग पाय सुटले. मी जरा पुढे होते, त्याने हात ओढला आणि खाली दाखवलं. हिरवा-गुलाबी पोपटमासा दगडासारखं प्रवाळ चावत होता, आणि त्याचा आवाज येत होता. कुरकुरीत पापड कोणी शेजारच्या खोलीत मोडावा तसा. पाण्याखाली ऐकू येतं हे मला माहीतच नव्हतं. वर आल्यावर नवरा म्हणाला, "हा तू खात नाहीस ना?" मी म्हटलं, हा नाही. त्या दिवशी मी डाळभात खाल्ला, दुसऱ्या दिवसापासून परत मासे.

प्रवाळ बरंचसं करडं, मेलेलं. पाणकावळा बरोबर होते. पूल बघायला भर दुपारी ओहोटी होती, दगड तापलेले, रबरी चप्पल पुरत नाही, मागे पट्टा असलेलं काहीतरी हवं. मोहरीचा रस्सा दुसऱ्याच दिवशी मागून घेतला. नवऱ्याने तिथल्या वांग्याचं भरीत सलग तीन वेळा खाल्लं. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र कंटाळा आला, हे नानांसाठी कबूल. सायकली घेऊन सीतापूर किनाऱ्यापर्यंत गेलो आणि झाडाखाली झोपलो.

खर्च विमानासकट १ लाख ४ हजार. सेल्युलर जेल परतीच्या आदल्या संध्याकाळी बघितलं. लेकीसाठी शंख आणला नाही, त्यावरून घरी अबोला आहे.

कोऱ्या_पाटीवर
बरं केलंत.

बाबा_बारामतीकर
पुढच्या वेळी मालदीव.

चष्मिष
मास्क नंबरचा नेला होता का शेवटी?

सुकटबोंबील
हो. दोन्ही काचा साडेतीनच्या. काठावर आल्यावरही काढत नव्हता, म्हणे यात चष्म्यापेक्षा बरं दिसतं.

एक_वैतागलेला_नवरा
खोलीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? समुद्र दिसत नसला तरी चालेल.

सुकटबोंबील
केला.