खारपाणपट्ट्यातलं पाणी-सर्वेक्षण: प्रश्नावलीत काय बदलावं?

पूर्णाकाठ: बी.ए. द्वितीय वर्ष भूगोल, २४ विद्यार्थी. अकोला जिल्ह्यातलं पूर्णा नदीकाठचं गाव, खारपाणपट्टा म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं, २१० घरं. विषय घरगुती पाणी. प्रश्न ३८, पहिलाच असा: ‘आपणांस पुरेसे व शुद्ध पाणी मिळते काय?’ नोव्हेंबरात दोन दिवस हाती आहेत. घरं कशी निवडावी? प्रश्न ठीक आहेत का?

काळी_माती: सर, ग्रामपंचायतीतून नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टी आकारणीची यादी घ्या. गोठे, दुकानं, पडके वाडे आधीच गाळा. उरलेल्यांतून दर पाचवं घर घेतलं की ४२ होतात, १२ जोड्यांना झेपतात. सुरुवातीला १ ते ५ मधली चिठ्ठी काढा. ३ निघाला तर ३, ८, १३ असं जायचं. गावाच्या कडेची नवी घरं यादीत नसतात, ती आशाताईंना विचारून जोडा.

खरा घोळ दारात होतो. नोव्हेंबर म्हणजे कापूसवेचणी. सकाळी नऊनंतर मजुरांच्या घरांना कुलूप. मग पोरं शेजारच्या उघड्या घरात शिरतात आणि नमुन्यात घरी बसणारेच उरतात. बदली घर घेऊच नका. संध्याकाळी त्याच दारी परत जा. तीन फेऱ्यांनंतरही कुलूप असेल तर ‘बंद’ लिहा.

ओलीत: तो पहिला प्रश्न काढाच. पुरेसं आणि शुद्ध हे दोन प्रश्न झाले, अन् आलेल्या पाहुण्याला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘काल किती गुंड (पाण्याचे हंडे) भरले? कुठून?’ असं विचारा. प्रत्येक घरचा गुंड वेगळा, म्हणून लिटरच्या बाटलीनं तिथंच मापा. नळ रोज येत नसेल तर ‘काल’ फसवतं: मागच्या पाळीला एकूण किती भरलं ते घ्या, दोन पाळ्यांमधल्या दिवसांनी आणि माणसांनी भागा. तो आकडा जलजीवन मिशनच्या माणशी रोजच्या ५५ लिटरशी ताडता येतो. फक्त पिण्याचं पाणी मोजून मात्र ही तुलना करू नका.

‘उन्हाळ्यात’ हा शब्द सैल आहे. ‘होळीला’, ‘मृगाच्या आधी’ असं विचारा. उत्तर पाणी भरणाऱ्या बाईकडूनच घ्या, म्हणून प्रत्येक जोडीत एक मुलगी हवी. १५-१८ प्रश्न पुरेत. ‘शून्य’, ‘माहीत नाही’, ‘सांगितलं नाही’ यांना वेगवेगळे संकेतांक द्या, नाहीतर रिकामी चौकट बेरजेत शून्य होऊन बसते.

पूर्णाकाठ: ‘खारं की गोडं’ हा प्रश्न ठेवू का?

विहीर_मोजणी: ठेवा, पण जीभ खाऱ्याला सरावलेली असते. सोबत टीडीएस मीटर न्या, तो पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो. हातपंप काही मिनिटं हापसून मगच पाणी घ्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. भारतीय मानकात इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. स्रोताची खोली आणि महिना त्याच ओळीत लिहा. पावसाळ्यानंतरचा आकडा मे महिन्याचा म्हणून खपत नाही. मीटर जंतू दाखवत नाही. आरओच्या कॅनचा आकडा कमी आला म्हणून अहवालात ‘शुद्ध’ लिहू देऊ नका.