शब्दचर्चा : कुल्लिये, इमारेत आणि ‘मशीद-संकुल’

प्रश्न :
इस्तंबूलच्या सुलेमानियेबद्दलचा, म्हणजे सुलतान सुलेमानने उभारलेल्या मशीद आणि इतर वास्तूंच्या समूहाबद्दलचा, एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘कुल्लिये’ हा तुर्की शब्द पानोपानी येतो. सुरुवातीला मी ‘मशीद-संकुल’ असं लिहीत गेले, पण पुढे वाक्य आलं की कुल्लियेत मशीद, मदरसे, रुग्णालय, हमाम (सार्वजनिक स्नानगृह) आणि मुदपाकखाना होता. ‘मशीद-संकुलात मशीद होती’ हे कानाला खटकतं. दुसरा काही शब्द आहे का? आणि मूळ शब्दच ठेवला तर त्याचं लिंग कोणतं धरायचं?

उत्तर :
ताई, मूळ शब्दच ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. कुल्लियेच्या मुळाशी अरबी ‘कुल्ल’ आहे, म्हणजे सगळं, समग्र. आपल्या ‘कुलमुखत्यार’मधला कुल तोच. तेव्हा कुल्लिये म्हणजे सगळं मिळून एक. या शब्दात मशिदीचं नावही नाही, आणि ‘मशीद-संकुल’ म्हटलं की वाचकाला मधे मशीद आणि भोवती तिची फुटकळ बांधकामं दिसतात. वास्तू म्हणून मशीदच सगळ्यांत मोठी असते हे खरं, पण उस्मानी (ऑटोमन) काळात संस्था उभी राहायची ती एकत्र. वक्फनाम्यात, म्हणजे धर्मादाय दानपत्रात, ज्याला तुर्कीत वक्फिये म्हणतात, दाता लिहून ठेवायचा की अमुक गावांचा महसूल, अमुक दुकानांचं भाडं, अमुक हमामचं उत्पन्न या कामांना लावलं आहे. त्याच कागदात इमामाचा पगार असे, मुदर्रिसाचा म्हणजे मदरशातल्या शिक्षकाचा असे, वैद्याचा असे आणि आचाऱ्याचाही असे.

सुलेमानियेचं काम 1550 मध्ये सुरू झालं आणि मशीद 1557 मध्ये पुरी झाली. वास्तुकार मिमार सिनान. चार मदरसे, शिवाय वैद्यकाचा वेगळा मदरसा, हदीसची (पैगंबरांच्या वचनांची) पाठशाळा, मुलांची शाळा, रुग्णालय, मुदपाकखाना, पाहुण्यांसाठी ताबखाना, हमाम आणि दुकानांची रांग. हे सगळं सपाट मैदानावर नाही, टेकडीवर आहे. गोल्डन हॉर्न या खाडीकडच्या बाजूला उतार इतका आहे की तिसरा आणि चौथा मदरसा सिनानने पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवला आहे. मशिदीचा घुमट साधारण 53 मीटर उंच आहे आणि छायाचित्रांत तोच भरतो. माझ्या मते मात्र सिनानची खरी करामत त्या उतारावरच्या मांडणीत आहे. अनुवादात तेवढा भाग घाई न करता करा.

लिंग नपुंसक धरावं, ‘ते कुल्लिये’. मनात संकुल असतंच, त्यामुळे जीभ आपोआप तिकडे वळते. रूपं ‘कुल्लियेत’, ‘कुल्लियेचा’. पहिल्या ‘कु’मधला स्वर ओठ गोल करून म्हटलेल्या ‘इ’सारखा असतो. त्याला देवनागरीत अक्षर नाही, ‘कु’ पुरे.

दुसरं उत्तर :
वरच्या मताशी सहमत आहे, पण एक भर घालायला हवी. कुल्लिये हा शब्द या अर्थाने रुळला तो अलीकडे, विसाव्या शतकातल्या वास्तुइतिहासाच्या लेखनातून. उस्मानी कागदपत्रांत या सगळ्या समूहाला बहुधा ‘इमारेत’ म्हणत. हा आपल्या ‘इमारत’चा सख्खा भाऊ. अरबी धातूचा अर्थ वस्ती करणं, आबाद करणं. मराठीत आपण त्यातला बांधकाम एवढाच अर्थ ठेवला, तुर्कीत मात्र वस्ती वसवण्याचा अर्थ बराच काळ टिकला.

आणि तो अर्थ नुसता कोशातला नाही. 1453 नंतर उस्मानी सुलतान मेहमेद दुसऱ्याच्या हाती आलेलं इस्तंबूल शहर बरंचसं ओस होतं. 1463 ते 1470 या काळात त्याने पवित्र प्रेषितांच्या जुन्या चर्चच्या जागी फातिह कुल्लिये बांधलं. मशिदीच्या दोन बाजूंना चार-चार असे आठ मदरसे, एक ओळ काळ्या समुद्राकडची, दुसरी भूमध्य समुद्राकडची. तिथल्या मुदर्रिसाला रोज 50 आकचे (चांदीची नाणी) मिळत. जवळ बाजार, हमाम आणि जेवणाची सोय असली की माणसं येऊन राहतात. त्या भागाला आजही फातिहच म्हणतात. आताची मशीद मात्र 1766 च्या भूकंपानंतर नव्याने बांधलेली आहे.

बुर्सा या उस्मानींच्या जुन्या राजधानीतली कुल्लिये याहून वेगळी दिसतात. तिथे फातिहसारखी काटेकोर समरूपता नाही, डोंगरउतारावर जागा मिळेल तशा वास्तू विखुरल्या आहेत. मशिदीच्या दालनाला दोन्ही अंगांना खोल्या असत, त्यांत शेगडी असे, प्रवासी आणि दरवेशी तिथे उतरत. अशा वास्तूलाच जुन्या लेखांत इमारेत म्हटलेलं आढळतं.

पुढे इमारेतचा अर्थ आकसला आणि फक्त मुदपाकखान्यापुरता उरला. म्हणून जुन्या मजकुरात हा शब्द दिसला की आधी काळ पाहा, मग अर्थ लावा.

प्रश्नकर्ती :
मग मुदपाकखान्यापुरत्या इमारेतला ‘अन्नछत्र’ म्हणू का?

पहिल्या उत्तरातून पुढे :
म्हणा, वाचकाला लगेच कळेल. पण एक ओळ जोडा. अन्नछत्रात येईल त्याला पान मिळतं. इमारेतमध्ये कोणाला, कधी, किती हे वक्फनाम्यात ठरलेलं असे. नोकरवर्ग, मदरशातले विद्यार्थी, पाहुणे आणि मग गोरगरीब. नेहमीच्या दिवशी सकाळी तांदळाचं सूप, संध्याकाळी गव्हाचं, सोबत पाव. शुक्रवारच्या किंवा रमजानच्या रात्री मांस-भात आणि ‘झेर्दे’, म्हणजे केशर घातलेला गोड भात. आपल्या ‘पिवळाजर्द’मधला जर्द तोच. सुलेमानची पत्नी हुर्रेम हिने जेरुसलेममध्ये असं इमारेत काढलं, त्याचा वक्फनामा 1552 चा आहे. त्याच्या खर्चासाठी पॅलेस्टाइनमधल्या गावांचं उत्पन्न लावून दिलं होतं. राजघराण्यातल्या स्त्रियांनी बांधलेली कुल्लिये हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, सुलेमानची सून नुरबानू हिचं इस्तंबूलच्या उस्कुदार भागातलं आतिक वालिदे त्यांतलं फार देखणं.

तुमच्या मजकुरात आणखी दोन शब्द अडतील. ‘दारुश्शिफा’ला दवाखाना म्हणू नका. मराठीत दवाखाना म्हटलं की गल्लीतल्या डॉक्टरांची खोली डोळ्यांपुढे येते. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरातलं सुलतान बायेझिद दुसऱ्याचं दारुश्शिफा 1488 चं. तिथे एका सहा बाजूंच्या घुमटाखाली रुग्णांच्या खोल्या आहेत, मधे कारंजं आहे, आणि एव्लिया चेलेबी या प्रवाशाने सतराव्या शतकात लिहून ठेवलं आहे की मनोरुग्णांसाठी तिथे गायक-वादक येत. त्याला रुग्णालयच म्हणावं. ‘मदरसा’ ठेवा, पण हे उच्च शिक्षण होतं हे एकदा सांगा. लहान मुलांची शाळा वेगळी असे, तिला मेक्तेब म्हणत.

तिसरं उत्तर :
छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला कुल्लिये म्हणता येईल का? बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा, मशीद, मदरसा, सराई, आणि फकिरांसाठी दळण दळणारी चक्की, सगळं एका आवारात आहे. बाबा मूळचे बुखाऱ्याजवळचे.

दुसऱ्या उत्तरातून पुढे :
काम तसंच आहे, पण शब्द लावू नये. पाणचक्कीचं आवार एका सूफी संताच्या खानकाहभोवती, म्हणजे मठाभोवती वाढलं. तिथे ‘दर्ग्याचं आवार’ किंवा ‘खानकाह’ हे आपले शब्द नेमके बसतात. कुल्लिये उस्मानी संदर्भातच राहू द्यावा. तुर्कस्तानात आज तो सैलही झाला आहे, अंकारातल्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालय-प्रासादालाही अधिकृतपणे कुल्लियेच म्हणतात. अरबीत त्याचाच भाऊ महाविद्यालय या अर्थी चालतो. युनेस्कोच्या यादीत 2011 साली एदिर्नेचं सेलिमिये गेलं, तिथे मशिदीपुढे ‘सामाजिक संकुल’ असे शब्द जोडले आहेत. मराठीत पर्यायच हवा असेल तर ‘मशीद आणि तिचं सामाजिक संकुल’ ही रचना ‘मशीद-संकुल’पेक्षा खूप बरी.

प्रश्नकर्ती :
शेवटचं, ‘तुर्बे’ला तुरबत चालेल?

पहिल्या उत्तरातून पुढे :
शब्द एकाच मुळाचे आहेत, पण मराठीत तुरबत म्हणजे कबर, आणि तुर्बे म्हणजे कबरीवर बांधलेली घुमटाची वास्तू. सुलेमान आणि हुर्रेम यांचे तुर्बे मशिदीच्या किब्ल्याकडच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीमागच्या बागेत आहेत. तिथे ‘मकबरा’ लिहा.