मदत हवी आहे: कॅसेटवरची कीर्तनं फ्लॅकमध्ये १६ बिट ठेवू की २४?

६० मिनिटांच्या ४० कॅसेटी ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड-संपादन करायचं सॉफ्टवेअर) उतरवून झाल्या आहेत. सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (जितके बिट जास्त, तितकी आवाजाची नोंद बारीक) वेव्ह, एका कॅसेटला साधारण १ जीबी. मूळ प्रत फ्लॅकमध्येच (आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) राहणार, हे पक्कं. एमपी३ने टाकून दिलेलं परत मिळत नाही आणि पुढे खरखर काढून पुन्हा एमपी३ केली तर आणखी नुकसान. एमपी३ १२८ केबीपीएसवर (सेकंदाला १२८ किलोबिट) करून पाहिलं: झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या, टेपची सूंसूं तर घोळत घोळत येते.

अडलंय ते पुढे. कॅसेटची खरखर इतकी वर असते की ऐकायला १६ बिट पुरतात. २४ मधले खालचे ८ बिट बहुतेक खरखरच, आणि ती फ्लॅकला दाबता येत नाही. पण आवाज अजून वाढवायचाय, खरखर काढायचीय. तोवर २४ ठेवून शेवटी डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) लावून १६ करावं का? की २४ कायम?

दुसरं, गाडीतल्या जुन्या प्लेअरसाठी एमपी३ हवी. व्हीबीआर (केबीपीएस कमी-जास्त होत राहणारी) फाइलची वेळ तो चुकीची दाखवतो, म्हणून एकसमान १९२ केबीपीएस पुरेल की ३२०? भाषणासाठी मोनो चालेल, पण पेटी-मृदंगाचं काय?