'प्रतिकारशक्ती', 'प्रतिरोध' की 'दाद न देणे'?

अनुवादक : ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरील औषधाच्या चाचणीवरील लेखाचा अनुवाद करीत आहे. पहिल्या सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ क्षयरुग्णांपैकी ४ दगावले, तर नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४; परंतु उपचार चालू असतानाच अनेकांच्या थुंकीतील जंतू त्या औषधाने मरेनासे झाले. मूळातील 'रेझिस्टन्स'साठी मी 'जंतूंमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण झाली' असे लिहिले. संपादकांनी ते 'जंतूंनी प्रतिरोध विकसित केला' असे केले. कोणते योग्य?

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका : 'प्रतिकारशक्ती' नकोच, कारण ती रुग्णाच्या शरीराची असते आणि वाचक नेमका तोच गैरसमज करून घेतात. 'विकसित केला' हेही मला खटकते. फुप्फुसातील पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि जनुकांतील आपोआप घडलेल्या बदलांमुळे त्यांपैकी काहींवर हे औषध आधीपासूनच चालत नाही; बाकीचे मेले की त्यांना रान मोकळे मिळते. म्हणून पुढे पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल जोडीला दिले गेले, कारण दोन्ही औषधांतून निसटणारा जंतू अतिशय विरळा. 'प्रतिरोधी जंतूंचे प्रमाण वाढले' असे लिहावे.

तिसरे सदस्य : माझी आत्या क्षयरुग्णालयात परिचारिका होती. ती 'औषध लागू पडेना' म्हणत असे, पण त्यात उणेपणा औषधाकडे जातो. वर्तमानपत्रांतील 'औषधांना दाद न देणारा क्षयरोग' मला सर्वांत नेमका वाटतो.

चौथे सदस्य : 'दाद' हा फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ न्याय असा आहे. शास्त्रीय लेखनाला संस्कृत घडणीचा शब्दच हवा, कारण 'प्रतिरोध'पासून 'प्रतिरोधी', 'बहुऔषध-प्रतिरोधी' असे शब्द सहज साधतात.

तिसरे सदस्य : न्यायालयात दाद मागताना तो शब्द आपल्याला परका वाटत नाही, मग दवाखान्यातच का वाटावा? आणि संस्कृतच हवे असेल तर भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रुळलेला 'रोध' घ्यावा आणि 'औषधरोध' म्हणावे.

शिक्षिका : 'रोध' म्हणजे अडवणे. पेनिसिलिनचे रेणू विकराने (एन्झाइमने) तोडणाऱ्या जंतूला तो शोभेल. स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत मात्र बहुधा जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या घटकावर, औषध बसण्याची जागाच बदललेली असते, तेथे कोणी काही अडवत नाही.

चौथे सदस्य : हा आक्षेप मान्य केला, तर तो 'प्रतिरोध'लाही लागू होतो, आणि तो शब्द सोडण्यास मी तयार नाही.